खडूशेठची अगरबत्ती

मुरलीशेठ कुणाच्याही लग्नाला गेले की आधी त्या गावची शाळा गाठायचे. इकडे मांडवात अक्षता वाटून व्हायच्या, मुलीचा मामा तिला घेऊन यायच्या बेतात असायचा, आणि आमचे शेठ शाळेच्या व्हरांड्यात मास्तरांकडे खडू मागत उभे. शाळेला सुट्टी असली तर खिडकीच्या गजातून हात घालून फळ्याखालचा तुकडा उचलायचे. मग तो कानाजवळ धरून मोडायचे. 'टक्' असा आवाज आला तर मान डोलवायची. नाही आला तर मास्तरांकडे असं बघायचं, जणू त्यांनी पोरांच्या खिचडीत वाळू कालवली आहे.

"फस्स झालं. ऐकलं का? ह्यो खडू न्हाई मास्तर, ही रांगोळी हाय. दारात घाला."

आणि मग सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा खडू काढून मास्तरांच्या कानापाशी मोडायचे. टक्. मास्तर दचकायचे. तेवढ्या वेळात लग्न लागून गेलेलं असायचं. अकोल्याकडच्या एका गावात तर शेठ स्वतःच नवरीचे मामा होते. अंतरपाट धरून झाला, मामा कुठाय म्हणून आरडाओरड झाली, तेव्हा ते शाळेतून धावत आले. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. नवरीच्या शालूवर मामाचे पंजे उमटले, ते फोटोत आजही दिसतात.

नाव मुरलीधर. पण संगमनेरात या नावानं विचारलं तर कुणी पत्ता सांगणार नाही. 'खडूशेठ' म्हटलं की औद्योगिक वसाहतीचा वॉचमनसुद्धा बसल्या जागेवरून बोट दाखवायचा. शेठ म्हणायला काय, तर पत्र्याची एक शेड, पितळी साच्यांचं एक कपाट आणि हाताखाली चार-पाच बाया. माझा छापखाना त्यांच्या शेडसमोर. त्यांच्या खोक्यांवरचं लेबल मीच छापायचो. पिवळ्या रंगावर शाळेची घंटा आणि खाली नाव, 'पहिला तास'. त्या घंटेपायी त्यांनी माझा जीव खाल्ला होता.

"भाऊ, घंटा वाजल्यावानी दिसली पायजे."

"शेठ, चित्रातली घंटा कशी वाजेल?"

"वाईच तिरपी करा की."

मी तिरपी केली. आणि खरंच, वाजल्यासारखी दिसायला लागली.

त्यांच्या अंगावर कायम पांढरी पूड. भुवया तर वय होण्याआधीच पांढऱ्या झालेल्या. माझा मशीनमन कामावर आला की खुर्चीकडे बघून सांगायचा, "शेठ येऊन गेले वाटतं." कपाच्या कानाला, दरवाजाच्या कडीला, मोटारसायकलच्या हँडलला, सगळीकडे त्यांची बोटं. गिऱ्हाइकाशी बोलताना काही समजवायचं झालं की खाली वाकून जमिनीवरच लिहायचे. माझ्या छापखान्याच्या फरशीवर त्यांच्या गणितांचा थर साचलेला असायचा.

खडू करायची त्यांची पद्धत जुनी. प्लास्टरची पूड पाण्यात कालवायची, साच्यात ओतायची, घट्ट झाली की कांड्या सोडवून पत्र्यावर उन्हात मांडायच्या. आमच्याकडे ऊन काही कमी नाही, त्यामुळे बाकी सगळ्या जगाला पाऊस हवा असायचा तेव्हा खडूशेठ आभाळाकडे बघून शिव्या घालायचे. हाताखालच्या बायांमध्ये हिराबाई सगळ्यांत जुनी. आधी ती घरी बसून विड्या वळायची. तंबाखूच्या वासानं डोकं धरतं म्हणून ते सोडून इकडे आली आणि कांड्या मांडण्यात इतकी तयार झाली, की बोलता बोलता, भांडता भांडता तिच्या ओळी सरळ पडायच्या. दुसरी शबाना. शेठना चाचा म्हणायची आणि त्यांचं ऐकायची नाही.

शेठना एकच ध्यास होता. बिनधुळीचा खडू. प्लास्टरचा खडू फळ्यावर ओढला की त्याची पूड उडते. बाजारात मोठ्या कंपन्यांचा दुसऱ्या भुकटीचा खडू आला होता, तो उडत नव्हता. तो साच्यात होत नाही. त्याचं पीठ मळून यंत्रातून दाबून काढावं लागतं, सोऱ्यातून शेव पाडतात तसं. शेठ गुजरातेत जाऊन ते यंत्र बघून आले. परत आल्यावर आठवडाभर येईल त्याला दोन्ही हातांनी सोऱ्या फिरवून दाखवत होते.

"आसं दाबलं की आशी कांडी भाईर. सरळ! पूड न्हाई, खोकला न्हाई, काय न्हाई."

"पण शेठ, तुमचा हा खडू चाललाय की. शाळा घेतायत."

"बाजार मागतोय भाऊ," एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे.

यंत्र त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्याच सुमारास बसस्टँडसमोर मोठा फलक लागला. त्यावर एक हसरा तरुण, मागे चिमणी असलेला कारखाना आणि खाली ठळक अक्षरात 'उद्योजक व्हा!' शेठ मोटारसायकल लावून त्या फलकाखाली बराच वेळ उभे राहिले आणि तडक माझ्याकडे आले.

"भाऊ, मी तं आदीपासूनच हाय. मंग मला काय व्हावं लागंल?"

मी म्हटलं, "अर्जदार."

मी थट्टेनं म्हटलं होतं. पुढची काही वर्षं ते खरोखर तेच होते.

योजना तशी चांगली होती. लहान उद्योगाला यंत्रासाठी बँकेचं कर्ज, त्यावर सरकारचं अनुदान, शिवाय प्रशिक्षण आणि मार्गदर्शन. सगळं छापील पुस्तिकेत होतं. शेठनी ती पुस्तिका माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली, शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "कागदावर लई छान हाय." हे वाक्य नंतर त्यांच्या तोंडी बसलं. पण त्या दिवशी त्यात खोच नव्हती. त्यांना खरंच छान वाटलं होतं.

आधी प्रशिक्षण. नगरला, राहून. आयुष्यभर धंदा केलेल्या माणसाला धंदा कसा करायचा ते एक तरुण पोरगा शिकवत होता. त्यानं स्वतः कधी काही विकलं नव्हतं, पण गळ्यात टाय होता. गिऱ्हाइकाशी हसून बोला, असं त्यानं सांगितलं आणि सगळ्यांकडून हसून घेतलं. मग रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. आपलं स्वप्न लिहा आणि भिंतीवर चिकटवा. शेठनी लिहिलं, 'खडू'.

पोरगा म्हणाला, "काका, स्वप्न मोठं बघा."

शेठनी चिठ्ठी परत घेतली आणि लिहिलं, 'लई खडू'.

प्रमाणपत्र मिळालं. मग अर्ज भरायचा आला. तो संगणकावर भरायचा होता म्हणून मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. खिडकीमागचा ऑपरेटर मुलगा स्वभावानं गरीब होता. 'उद्योगाचा प्रकार' या रकान्यापाशी तो थांबला.

"यादीत खडू नाहीये काका."

"आसं कसं? खडूशिवाय तुमी आकडे शिकला का?"

"नाही हो. पण यादी वरून येते. यात पापड आहे, मसाले आहेत, द्रोण-पत्रावळी आहे, मेणबत्ती आहे, अगरबत्ती आहे."

"मंग 'इतर' टाका," मी म्हणालो.

"'इतर' टाकलं की अर्ज आपोआप बाद होतो."

तो उठून आत साहेबांना विचारायला गेला. साहेब बाहेर आले. तेही वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि कुणीतरी त्यांना वरून सतत फोन करत होतं. ते म्हणाले, "सध्या जवळचा प्रकार टाका. मेणबत्ती किंवा अगरबत्ती. मंजुरी आली की आपण बदल करून घेऊ. शेवटी काय, सगळ्या कांड्याच."

शेठनी खिशातला खडू काढून बोटांत फिरवला. मग म्हणाले, "मेनबत्ती टाका. ती निदान पांढरी तरी असती."

ऑपरेटरनं बटण दाबलं आणि मान हलवली. "मेणबत्तीचा कोटा संपलाय काका."

अशा रीतीनं मुरलीशेठ सरकारदरबारी अगरबत्तीवाले झाले. उद्योगाची नोंदणीही त्याच नावानं झाली, कारण अर्ज आणि नोंदणी जुळायला हवी होती.

मंजुरीला वेळ लागला. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं. शेठच्या सगळ्या कागदांवर जुनं नाव होतं म्हणून फाइल परत आली. नवीन नावानं सगळे कागद पुन्हा करा, असा शेरा. माझं काय, नव्या नावाचे लेटरहेड छापून घ्यायला अर्धी बाजारपेठ माझ्या दारात उभी होती, माझी दिवाळी झाली. शेठ तेवढे सगळे शिक्के पुन्हा गोळा करत हिंडले. ज्या तलाठ्यानं आधी दाखला दिला होता त्याची बदली झालेली; नवा म्हणे, मी यांना ओळखत नाही.

"भाऊ, जिल्ह्याचं नाव बदललं. मी तं त्योच हाय ना?"

मी म्हणालो, "तुम्ही तरी कुठं तेच आहात शेठ? तुम्ही अगरबत्तीवाले."

ते हसले नाहीत. त्यानंतर मीही ती थट्टा सोडली.

शेवटी मंजुरी आली. साहेबांनी सांगितलं होतं तशी प्रकार बदलण्याची विनंती त्यांनी केली. तिच्यावर 'मंजुरीनंतर प्रकारात बदल अनुज्ञेय नाही' असं उत्तर आलं. साहेबांची तोवर बदली झाली होती. यंत्र ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचं होतं आणि पैसेही बँकेनं परस्पर त्यालाच दिले. एके दिवशी दुपारी टेम्पो आला. हमालांनी ताडपत्री काढली. हिरव्या रंगाचं, नवंकोरं, चकचकीत यंत्र. वर गणपतीचं स्टिकर.

हिराबाईनं त्याच्याभोवती एक फेरी मारली. "शेठ, म्हंजे पुन्ना त्येच? इडी वळायची सोडून आले हितं, आता आगरबत्ती वळू का?"

"यंत्र वळतंय ते. तू बगायचं फकस्त."

"मंग मी कशाला येऊ?"

शबाना म्हणाली, "चाचा, परत पाठवा."

पण परत पाठवायची सोय त्या योजनेत नव्हती.

शेठ इतक्या लवकर हार मानणारे नव्हते. यंत्रातून पीठ दाबून बाहेर येतं एवढं तर खरं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिनधुळीच्या खडूची भुकटी मागवली, हिराबाईकडून कणकेसारखी मळून घेतली आणि अगरबत्तीच्या यंत्रात भरली. आम्ही वसाहतीतले सगळे बघायला जमलो. यंत्र घरघरलं. एका बाजूनं बांबूची काडी आत गेली आणि दुसऱ्या बाजूनं, देवाशप्पथ, काडीवर चढलेला खडू बाहेर आला. बारीक, लांब, दांडीसकट. कुल्फीसारखा.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेठनी तो खडू हातात घेतला. कानापाशी नेला, आणि मग त्यांना कळलं की हा मोडणार नाही. आत बांबू होता. त्यांनी काडी ओढून काढली तर खडूचा चुरा झाला.

"काडीसकटच विका," शेजारचा फॅब्रिकेशनवाला म्हणाला. "मास्तरला फळ्यावर लिहायलाबी आन् पोरांना हानायलाबी."

सगळे हसले. शेठही हसले. त्यांनी काडी न घालता यंत्र चालवून बघितलं, तोंडाला मोठी नळी बसवून बघितली. संध्याकाळी वीज गेली. ती येईपर्यंत पीठ यंत्राच्या पोटात दगडासारखं घट्ट झालं. छिन्नी घेऊन बसले तरी निघेना. यंत्राच्या हमीपत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं, की अगरबत्तीच्या मसाल्याखेरीज दुसरं काही घातल्यास कंपनी जबाबदार नाही.

मग पाहणी आली. नव्या साहेबांना यंत्र चालू असतानाचा फोटो हवा होता, फोटोवरच ठिकाण उमटेल अशा खुणेसकट, त्याच दिवशी वर पाठवायचा होता. शेठ म्हणाले, यंत्र बंद हाय, आन् मी खडू करतो. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"काका, फोटो नाही गेला तर अनुदान अडकतं. अनुदान अडकलं तर पूर्ण कर्ज तुमच्या डोक्यावर. माझ्या हातात काही नाही. तुम्हीच बघा."

शबानाला बाजारात पिटाळलं. तिनं तयार अगरबत्तीचे पुडे आणले, फोडून यंत्रापुढं पसरले. हिराबाईला यंत्रापाशी उभं केलं. शेठना मध्ये. हातात अगरबत्तीचा जुडगा. साहेब म्हणाले, हसा. प्रशिक्षणात शिकवलं होतं, त्यामुळे शेठ हसले.

तो फोटो फार लांब गेला. कुणाच्या तरी टेबलावर पोचला, तिथं आवडला. पांढऱ्या भुवयांचा म्हातारा, शेजारी नऊवारीतली बाई, हातात अगरबत्ती. जिल्ह्याच्या ठिकाणी मेळावा होता, तिथं प्रवेशद्वारावरच हा फोटो माणसाच्या उंचीपेक्षा मोठा करून लावला. वर लिहिलं होतं, 'यशोगाथा'. खाली मजकूर : पारंपरिक व्यवसायात अडकलेल्या मुरलीधर यांनी योजनेचा लाभ घेऊन अगरबत्ती उद्योगात भरारी घेतली.

त्यांचा सत्कार ठरला. मी बरोबर गेलो. शाल, श्रीफळ आणि एक चकचकीत स्मृतिचिन्ह. स्मृतिचिन्ह देणाऱ्या पाहुण्यांनी शेठचा हात हातात घेतला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि नंतर आपल्या तळव्याला लागलेली पांढरी पूड रुमालानं पुसली. निवेदिकेनं माईक शेठपुढं धरला. दोन शब्द बोला काका.

शेठ म्हणाले, "मी खडू करतो."

निवेदिका गोड हसली. "बघा, किती साधेपणा! कुठून सुरुवात केली हे ते विसरलेले नाहीत. जोरदार टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. शेठ तिथंच उभे होते, त्यांना अजून बोलायचं होतं. एका कार्यकर्त्यानं त्यांना खांद्याला धरून हळूच खाली आणलं.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते, नारळ मांडीवर. राहुरी गेलं. मग एकदम म्हणाले, "कागदावर लई छान हाय, भाऊ." या वेळी त्यात खोच होती. मला बाहेर उसाच्या ट्रॉल्यांकडे बघत बसावं लागलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. यंत्र कोपऱ्यात पडलं होतं, कर्जाचा हप्ता जात होता, पण साचे होते, ऊन होतं आणि शाळा होत्या. मुख्याध्यापक त्यांना ओळखत होते. वर्षाचा खडू त्यांच्याकडून जायचा. मग शाळांची खरेदी एकत्र व्हायला लागली, संगणकावरून. लहान उद्योगांना त्यात राखीव वाटा होता, हे विशेष. पुस्तिकेत तसं ठळक छापलेलं होतं. शेठना हुरूप आला. जिल्ह्यात खडू करणारा लहान माणूस दुसरा कोण होता?

मीच त्यांचा अर्ज भरून दिला. दोन दिवसांत उत्तर आलं. आपली नोंदणी अगरबत्ती उत्पादक म्हणून आहे, सबब खडूसाठी आपण अपात्र आहात.

त्यांनी कचेरीत जाऊन सांगितलं, नोंदणी बदला. तिथं सांगितलं, योजनेचा लाभ घेतलेल्या उद्योगाला मुदत संपेपर्यंत प्रकार बदलता येत नाही. नाहीतर अनुदान व्याजासकट परत करा. शेठनी खिशातून खडू काढला, तिथल्या कारकुनाच्या कानाशी मोडला. टक्. कारकून खुर्चीतून उठला, "अहो काय करताय?"

"ही आगरबत्ती हाय का, सांगा."

शिपायानं त्यांना बाहेर नेलं. त्याच दाराशी भिंतीवर त्यांचा स्वतःचा फोटो लावलेला होता, हसरा. मला हे शिपायानंच नंतर सांगितलं. त्याला ते फार गमतीचं वाटलं होतं.

कंत्राट बाहेरच्या एका व्यापाऱ्याला गेलं. त्याचा कारखाना नव्हता, नोंदणी होती. त्याचा खडू आमच्या शाळांतही आला. मी मुलाच्या शाळेत गेलो होतो तेव्हा फळ्याखालचा एक तुकडा उचलून मोडून बघितला. फस्स झालं.

शेठनी शेड बंद केली तेव्हा कसला समारंभ नव्हता. शबाना शिवणकामाला गेली. हिराबाई पुन्हा विड्या वळायला लागली, सांगताना म्हणाली, "मरुदे, वळायचंच लिव्हलं हाय नशिबात." पितळी साचे मोडीत गेले. हिरवं यंत्र तेवढं न्यायला कुणी तयार नव्हतं, मोडीवालाही नाही, कारण पोटातल्या दगडामुळे त्याचं वजन खोटं भरत होतं. कचेरीतून मधे एकदा पत्र आलं. मला वाटलं, कुणाला तरी उशिरा का होईना कळलं. उघडलं तर पुढच्या मेळाव्यात नवउद्योजकांना मार्गदर्शन करायचं आमंत्रण होतं.

शेठ दिसेनासे झाले. त्यांची छापून ठेवलेली लेबलं माझ्याकडे पडून होती. टाकवेनात. एका रविवारी ती घेऊन मी त्यांच्या घरी निघालो. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. नदीकडच्या बाजूला जुन्या वस्तीत दोन खोल्या, पुढं लहानसं अंगण.

दार त्यांनीच उघडलं. अंगात धुतलेला सदरा, भुवया काळ्या-पांढऱ्या. पुडीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. एखादा लांबचा भाऊ असावा तसे वाटले.

आत खाटेवर उशांना टेकून एक बाई बसल्या होत्या. शेजारी वाफ घ्यायचं यंत्र, औषधांची पेटी. मांडीवर लहान मुलांचा असतो तसा एक काळा फळा.

"ही आमची मंडळी," शेठ म्हणाले. "बाई व्हत्या. जिल्हा परिषदेच्या शाळंत, सगळी नोकरी."

बाईंनी मला नमस्कार केला. बोलायला तोंड उघडलं आणि छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज आला. शेठनी हातानंच त्यांना थांबवलं. मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं. अक्षर असं, की माझ्या छापखान्यातले टाइप लाजावेत. 'बसा. तुमची घंटा मला आवडते.'

मी खाली बसलो. खाटेखाली खडूचं खोकं होतं. पिवळं नव्हतं. मोठ्या कंपनीचं, गुळगुळीत, बिनधुळीचं. शेठनी माझी नजर पाहिली आणि पायानं ते खोकं आत सरकवलं. मग सरकवून उपयोग नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"तिला माजा खडू सोसत न्हाई," ते हळू म्हणाले. "आख्खी नोकरी माज्याच खडूनं लिव्हलं तिनं. दुसरा हातात धरला न्हाई. सायेब लोक शाळंला दुसरा पाठवायचे तं परत करायची. माजाच पायजे."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डाक्टर म्हनतात कशानं झालं ते सांगता येत न्हाई. चुलीचा धूर आसंल, वय आसंल. डाक्टर चांगला मानूस हाय." त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. "मला ठावं हाय ना कशानं झालं ते."

गुजरातेतून आल्यावर दोन्ही हातांनी सोऱ्या फिरवून दाखवणारे शेठ मला आठवले, आणि एवढा खटाटोप कशासाठी ते आम्ही कुणी एकदाही विचारलं नाही, हेही. त्यांनी तरी त्या अर्जात कुठं लिहिलं असतं? त्यासाठी रकाना नव्हता.

"मोबाइलवर लिहून दाखवता येतं आता," मी उगाच म्हणालो.

बाईंनी जोरात मान हलवली.

"तिला न्हाई जमत. म्हनती, बोटाला अक्षर लागत न्हाई," शेठ म्हणाले आणि उठले. बाईंच्या मांडीवरचा फळा त्यांनी अलगद आडवा उचलला, भरलेलं ताट उचलावं तसा. तो घेऊन बाहेर अंगणात गेले. दार ओढून घेतलं. मला खिडकीतून दिसत होतं. बिनधुळीच्या खडूचीही त्यांना खात्री नसावी. त्यांनी नळाखाली फळा धरला, तळव्यानं चोळून चोळून धुतला, कापडानं टिपला आणि उन्हात धरून उभे राहिले. घाई नव्हती. एकदा बोटानं चाचपून पाहिला, ओला वाटला, पुन्हा धरला.

आत बाई खडू हातात घेऊन बसल्या होत्या. पुढचं वाक्य त्यांच्या मनात तयार असावं, कारण ओठ हलत होते. माझ्याकडे बघून त्या किंचित हसल्या आणि दाराकडे पाहत राहिल्या, फळा वाळायची वाट बघत.